जुन्या स्कूटरचा श्वास

जिन्याखाली, वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या गच्च भरलेल्या पार्किंगच्या एका कोपऱ्यात जुनी चेतक अजूनही कितीतरी घरांत उभी असलेली दिसते. एके काळी तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पुढे 2009 मध्ये पेट्रोलच्या स्कूटरी बंद करण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला आणि 2020 पासून चेतक हे नाव विजेच्या गाडीवर आले. जुनी मात्र 'बाबांची स्कूटर' म्हणून घरातच राहिली. आता घरातले तरुण तिला बाहेर काढतात, रंग देतात, आडवी करून किक मारतात. गाडी सुरू होते, पण पहिल्याच चढावर धापा टाकते. मग कुणीतरी जाणकार सुचवतो, "क्रँक कापून घे, बघ कशी पळते!"

हा सल्ला वेडगळ नाही. पण तो ऐकण्यापूर्वी क्रँक कापणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतलेले बरे.

पिस्टनची वर-खाली हालचाल चाकाच्या गोल फिरण्यात बदलणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, एवढे शाळेतही शिकवतात. स्कूटरच्या क्रँकला दोन जड, गोल चकत्या असतात. त्यांच्यामध्ये एक पिन दाबून बसवलेली असते आणि त्या पिनेवर कनेक्टिंग रॉड फिरतो. इटलीतल्या पाँतेदेरा येथे 1946 मध्ये व्हेस्पा जन्मली. ती आखणारे कोर्रादिनो दास्कानियो हे मूळचे विमानविद्येतले अभियंते. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस व्हेस्पाच्या इंजिनात एक गमतीची सुधारणा झाली. कार्बोरेटर थेट क्रँकच्या पेटीवर बसवला आणि क्रँकच्या एका चकतीलाच दरवानाचे काम दिले. चकतीची कड पेटीतल्या फटीवरून जवळजवळ घासत फिरते. ती फटीसमोर असेतोवर दार बंद. कडेचा कापलेला भाग समोर आला की दार उघडते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते. हे मिश्रण थेट क्रँकवर पडत असल्याने बेअरिंगला वंगण चांगले मिळते. म्हणूनच पूर्वी पाच टक्के ऑइल लागे तिथे दोन टक्क्यांवर, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटरवर भागू लागले. पियाजिओच्या परवान्याने पुण्यात आलेली आणि नंतर चेतकमध्ये नांदलेली रचना ती हीच.

आता हिशेब पाहू. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या वेगात क्रँकची एक फेरी सेकंदाच्या सुमारे ऐंशीव्या भागात संपते. त्यातही दार अर्ध्याहून कमी वेळ उघडे, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढे. एवढ्या अवधीत इंजिनाला श्वास घ्यायचा असतो. चकतीची कड थोडी आणखी कापली, तर दार लवकर उघडते किंवा उशिरा मिटते आणि वेगात असताना जास्त मिश्रण आत येते. एक अंश म्हणजे कडेवर जेमतेम पाऊण मिलिमीटर. दहा अंशांसाठी सात-आठ मिलिमीटर धातू काढला की गाडीचा स्वभाव पालटतो.

पण श्वास लांबवला की त्याची किंमतही द्यावी लागते. पिस्टन खाली येऊ लागल्यावरही दार उघडे राहिले, तर सावकाश चालताना आत आलेले मिश्रण उलटे कार्बोरेटरमधून बाहेर फेकले जाते. एअर फिल्टर पेट्रोलने ओला होतो, सिग्नलला गाडी घुटमळते, किक मारून पाय दुखतो आणि अ‍ॅव्हरेज घटते. वरच्या वेगात मिळालेला जोर खालच्या वेगातून वजा झालेला असतो.

इथे मूळ कारागिरांचे शहाणपण कळते. त्यांना जास्त कापता येत नव्हते असे नाही. ही गाडी पुढे उभे राहिलेले मूल, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटे आणि हुकाला भाजीची पिशवी घेऊन तीस-चाळीसच्या वेगाने जाणार होती. अशा गाडीला हळू चालतानाचा जोर हवा. ज्याला आपण तिचा मंदपणा म्हणतो, तो मुद्दाम दिलेला सोशिकपणा आहे.

दुसरा उपाय स्ट्रोक वाढवण्याचा. चेतकचा बोअर 57 आणि स्ट्रोकही 57 मिलिमीटर. त्यातून 145 सीसी होतात. पिन दीड मिलिमीटर बाहेर सरकवलेला क्रँक घातला की स्ट्रोक 60 होतो आणि इंजिन 153 सीसीवर जाते. वाढ पाच टक्क्यांची, पण ती खालच्या वेगातही जाणवते. मात्र पिस्टन आता दीड मिलिमीटर जास्त वर येतो. तो हेडवर आपटू नये म्हणून सिलिंडरखाली किंवा हेडखाली तेवढ्या जाडीची पट्टी घालून पोर्टचे गणित पुन्हा जुळवावे लागते. शिवाय सीसी बदलली की नोंदणीतला आकडा खोटा ठरतो, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला असे फेरफार मान्य नाहीत.

दोन्ही कामे लेथवर बसून हौसेने करण्याची नव्हेत. धातू एका बाजूने गेला की तोल बिघडतो आणि हँडलला मुंग्या आणणारी थरथर येते. दाबून जोडलेल्या चकत्या मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत सरळ आहेत की नाहीत, हे डायल लावून तपासावे लागते. आणि एवढे करून पळू लागलेली गाडी थांबवायची असते ती जुन्याच ड्रम ब्रेकने आणि दहा इंची चाकांवर.

म्हणून कात्रीला हात घालण्यापूर्वी साध्या गोष्टी पाहाव्यात. जुन्या गाडीचा दम बहुतेक वेळा क्रँकमुळे गेलेलाच नसतो. क्रँकची ऑइल सील वाळली की एका बाजूने बाहेरची हवा आत येते, तर दुसऱ्या बाजूने गिअरचे ऑइल जळून निळा धूर निघतो. सायलेन्सर कार्बनने तुंबतो, पॉइंटचे अंतर बदलते, रिंगा झिजतात. हे नीट केले की पुष्कळ गाड्या पूर्वीसारख्या चढ चढतात, तेही थोड्या खर्चात.

एवढ्यावरही हौस उरली असेल, तर जरूर पुरवावी. यंत्राशी खेळल्याशिवाय यंत्र कळत नाही. फक्त त्यासाठी वेगळा क्रँक विकत घ्यावा, तो कापावा, आणि घरचा मूळ क्रँक ऑइल लावून कापडात गुंडाळून ठेवावा. चकतीवरून एकदा उतरलेला धातू पुन्हा चढत नाही. तो कापण्याचा किंवा न कापण्याचा हक्क पुढच्या पिढीलाही मिळायला हवा.