भाड्याच्या गाडीने जव्हारला निघालात? अपघात झाला तर ‘फुल इन्शुरन्स’ नेमका कोणाला वाचवतो

पावसाळ्यातला शनिवार. ठाणे, नाशिक किंवा वसई-विरारहून चार-पाच मित्रांचा ग्रुप जव्हारला निघतो. दाभोसा धबधबा, काळमांडवी, हनुमान पॉइंट आणि वेळ उरलाच तर मोखाड्याकडे सूर्यमाळ. गाडी कोणाचीच नसते किंवा असलेली लहान पडते, म्हणून ड्रायव्हरशिवाय मिळणारी भाड्याची गाडी घेतली जाते. घेताना एकच प्रश्न विचारला जातो, ‘इन्शुरन्स आहे ना?’ आणि उत्तरही ठरलेलं असतं, ‘फुल इन्शुरन्स आहे, टेन्शन नाही.’

बऱ्याचदा हे उत्तर खरंच असतं. पण तो विमा गाडीच्या मालकाने काढलेला असतो, मालकाच्या नावावर असतो आणि त्याचे पैसेही मालकाला किंवा त्याच्या गॅरेजला मिळतात. गाडी भाड्याने घेऊन चालवणाऱ्याचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. त्याचं नाव असतं दुसऱ्या कागदावर, म्हणजे भाडेकरारावर. अपघातानंतर खिशाला किती चाट बसणार, हे बहुतेक वेळा तो दुसरा कागद ठरवतो, आणि तो वाचलेला नसतो.

त्र्यंबकहून मोखाड्याकडे येताना तोरंगण घाटात धुकं आहे, रस्ता ओला आहे, एका वळणावर गाडी घसरून कडेच्या गटारात गेली. माणसं सुखरूप आहेत, पण बंपर, रेडिएटर आणि एक टायर गेला. आता पैसे कोण देणार?

एका पॉलिसीत तीन वेगळे विमे

‘फुल इन्शुरन्स’ असा प्रकार कायद्यात नाही. मोटर पॉलिसीत साधारण तीन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्या कोणाचा जीव गेला, इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटर वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे गाडीचं स्वतःचं नुकसान. हा ऐच्छिक आहे. तिसरा वैयक्तिक अपघात विमा, ज्यात मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याला १५ लाखांचं कवच मिळतं.

गटारात गेलेल्या गाडीचा प्रश्न दुसऱ्या भागात येतो. गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर गाडीच्या दुरुस्तीसाठी विमा कंपनीकडून एक रुपयाही मिळत नाही. तरीही अशा गाडीचा मालक ‘इन्शुरन्स आहे’ असं म्हणू शकतो, आणि त्यात तो खोटंही बोलत नाही.

आधी नंबर प्लेट बघा

ओन डॅमेज असला तरी पुढचा प्रश्न उरतो. गाडी भाड्याने देण्यासाठी नोंदवलेली आहे का? ड्रायव्हरशिवाय भाड्याने देण्याच्या गाडीला काळी प्लेट आणि त्यावर पिवळे आकडे असतात. टॅक्सीचं उलट, पिवळ्या प्लेटवर काळे आकडे. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. काळ्या प्लेटची व्यवस्था १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेतून आली आणि त्यासाठी परवाना, फिटनेस आणि व्यावसायिक विमा लागतो.

प्रत्यक्षात व्हॉट्सॲप ग्रुपवरून किंवा ओळखीतून मिळणाऱ्या कितीतरी गाड्या पांढऱ्या प्लेटच्या असतात. कोणाच्या तरी दारात आठवडाभर उभी असलेली गाडी शनिवार-रविवारी दोन पैसे कमावते, एवढाच हिशेब. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचं एक कलम असतं. त्यात लिहिलेलं असतं की गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरली तर कवच लागू नाही. पैसे घेतल्याचा यूपीआयचा मेसेज सर्व्हेअरच्या हाती लागला की क्लेम अडकलाच.

तो पूर्णच बुडतो का? २०१० मध्ये ओरिएंटल इन्शुरन्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला होता. गाडीचा विमा खासगी होता, अपघाताच्या वेळी ती भाड्याने दिलेली होती आणि कंपनीने क्लेम साफ नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं की वापराच्या अटीचा भंग झाला म्हणून सगळा क्लेम नाकारणं योग्य नाही. अशा वेळी मान्य होऊ शकणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देऊन प्रकरण मिटवता येतं. पण त्यासाठी मालकाला न्यायालयाची पायरी चढावी लागते, त्यात वर्षं जातात. तोवर मालक हात पसरतो तो गाडी नेणाऱ्याकडेच.

शिवाय परवान्याशिवाय गाडी भाड्याने चालवली तर कलम १९२अ प्रमाणे १० हजारांचा दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. हे कलम गाडी चालवणाऱ्यालाही लागतं.

काळ्या प्लेटबद्दलची एक जुनी शंका मात्र आता मिटली आहे. साध्या एलएमव्ही लायसन्सवर व्यावसायिक नोंदणीची गाडी चालवली तर विमा कंपन्या आक्षेप घेत असत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही.

क्लेम मंजूर झाला, तरी खिशातून काय जातं?

समजा गाडी काळ्या प्लेटची आहे, पॉलिसी पूर्ण आहे, क्लेमही मंजूर झाला. तरी बिलाचा एक भाग उरतो. झिरो डेप्रिसिएशन घेतलेलं नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. आजकालच्या गाड्यांचा बंपर प्लॅस्टिकचाच असतो. प्रत्येक क्लेममागे ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते ती वेगळी. ही सगळी तूट भाडेकरारामार्फत ग्राहकावर येते.

याहून मोठा खड्डा दुसरीकडे असतो. गाडी पंधरा दिवस गॅरेजला पडली तर त्या दिवसांचं बुडालेलं भाडं विमा कंपनी देत नाही. ते ‘परिणामी नुकसान’ धरलं जातं. अनेक भाडेकरारांत हे भाडं ग्राहकाने भरायचं, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुरुस्ती वीस हजारांची आणि गाडी उभी राहिल्याचं भाडं तीस हजारांचं, असंही होऊ शकतं.

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात सांभाळायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, ती मध्येच बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, तर इंजिनात पाणी जाऊन ते जाम होतं. साध्या पॉलिसीत विमा कंपन्या हे नुकसान अपघात मानत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायची नाही, ढकलून बाहेर काढायची. गावातली पोरं मदतीला येतातच.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. आइसलंडमध्ये भाड्याची गाडी नदीच्या पात्रात घातली तर विमा सहसा लागू होत नाही. तिथे वाळू आणि ज्वालामुखीच्या राखेने रंग खरवडला गेला तर त्याचंही कवच वेगळं विकतात.

माणसाला लागलं तर

गाडीचं नुकसान पैशांत मोजता येतं. खरी परीक्षा माणूस जखमी झाल्यावर होते. कोण जखमी झालं, त्यावर सगळं ठरतं.

रस्त्याने चालणारा गावकरी जखमी झाला तर तो थर्ड पार्टी. इथल्या रस्त्यांना पदपथ नाहीत. बाजारहाटाला, शाळेला, पाण्याला निघालेली माणसं डांबराच्या कडेनेच चालतात. चालकाची चूक सिद्ध न करताही कलम १६४ प्रमाणे मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये भरपाई मिळू शकते. जास्त नुकसान झालं असेल तर चालकाचा निष्काळजीपणा दाखवून कलम १६६ खाली जास्त रक्कम मागता येते. हा दावा अपघात झाला त्या भागातल्या किंवा जखमी माणूस राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. गाडी मुंबईची असली म्हणून मोखाड्याच्या माणसाने मुंबईला खेटे घालायची गरज नाही. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो.

पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने दिलेली असेल तर इथेही विमा कंपनी अटीच्या भंगाचा मुद्दा काढू शकते. अशा वेळी न्यायालयं अनेकदा कंपनीला सांगतात की आधी जखमीला पैसे द्या, नंतर मालकाकडून वसूल करा. गावकऱ्याला पैसे मिळतात, मालक मात्र सापडतो.

मागच्या सीटवरच्या मित्रांचं काय? पॅकेज पॉलिसी असेल तर खासगी गाडीतले प्रवासीही त्यात येतात. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीवर खासगी गाडीतून फुकट नेलेले मित्र सहसा येत नाहीत. नाव जरी थर्ड पार्टी असलं तरी.

सगळ्यात उघडा असतो तो गाडी चालवणारा स्वतः. मालक-चालकाचं १५ लाखांचं कवच मालकासाठी असतं, गाडी भाड्याने नेणाऱ्यासाठी नाही. कर्नाटकातल्या एका प्रकरणात मागून आणलेली मोटारसायकल पुढच्या बैलगाडीवर आदळून चालवणारा मरण पावला होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याची गाडी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो थर्ड पार्टी ठरत नाही. २०२० च्या अशाच एका निकालात कुटुंबाला मिळाले ते पॉलिसीत मालक-चालकासाठी लिहिलेले १ लाख रुपये. भाड्याच्या गाडीतही हाच युक्तिवाद विमा कंपनीच्या हाताशी असतो. समोरच्या वाहनाची चूक असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे दावा होतो. पण घाटात स्वतःच्याच चुकीने गाडी दरीत गेली तर चालकाच्या घरच्यांना आधार उरतो तो त्याच्या स्वतःच्या अपघात विम्याचा किंवा टर्म इन्शुरन्सचा. ड्रायव्हिंग येतं म्हणून ग्रुपमधल्या ज्याच्या हातात स्टिअरिंग दिलं जातं, त्याला हे कोणी सांगत नाही.

उपचारांचा खर्च ही तातडीची गोष्ट. जव्हारला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण गंभीर जखमीला बऱ्याचदा नाशिकला हलवावं लागतं. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार कॅशलेस मिळतात. प्लेट कोणत्या रंगाची होती, हे तिथे विचारलं जात नाही.

परदेशात गाडी घेतली तर?

तिथेही प्रश्न हेच, फक्त शब्द वेगळे. काउंटरवर ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ विकलं जातं. वेव्हर म्हणजे माफी. हा बहुतेक ठिकाणी विमा नसतोच. गाडीचं नुकसान एका मर्यादेपलीकडे तुमच्याकडून घेणार नाही, असं ते कंपनीचं वचन असतं. त्या मर्यादेला ‘एक्सेस’ म्हणतात आणि तेवढी रक्कम ग्राहकानेच भरायची असते. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बहुधा यातून वगळलेले असतात. आपल्याकडच्या ॲपवर बुकिंग करताना जो ‘डॅमेज प्रोटेक्शन’चा पर्याय दिसतो, त्याची जातकुळी हीच.

भारतात काढलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये दवाखान्याचा खर्च येतो, पण भाड्याच्या गाडीचं नुकसान सहसा येत नाही. काही योजनांत ‘रेंटल व्हेइकल एक्सेस’ हा फायदा असतो, तो शोधून बघावा लागतो. आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट एक वर्ष चालतं. ज्या देशात ते बंधनकारक आहे तिथे ते नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला नकारासाठी कारण मिळतं.

हद्दीचा प्रश्न तर जव्हारलाही येतो. इथून सिल्वासा जवळ आहे आणि अनेकांची गाडी तिकडे वळते. पॉलिसी देशभर चालते, पण भाडेकरारात राज्याबाहेर नेण्यास मनाई असू शकते. ती मोडून सिल्वासाला गेलात आणि तिथे गाडी ठोकलीत, तर डॅमेज प्रोटेक्शन गेलं म्हणून समजा.

गाडी घेताना आणि ठोकल्यावर

गाडी ताब्यात घेण्याआधी पॉलिसीची पीडीएफ मागवा. त्यात बघायचं ते पॅकेज आहे की फक्त थर्ड पार्टी, मुदत कधी संपते आणि वापराच्या मर्यादेत काय लिहिलंय. नंबर टाकला की एमपरिवहन ॲपवर नोंदणी, विमा आणि फिटनेसच्या तारखा दिसतात. गाडीचा चारी बाजूंनी आणि खालून व्हिडिओ काढा. करारात नाव एकाचं आणि घाटात स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, असं करू नका. दोन जण चालवणार असतील तर दोघांची नावं टाकून घ्या.

अपघात झालाच तर आधी १०८ आणि ११२. जखमीला मदत करणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. या भागात वळणावळणाला रेंज जाते, म्हणून गाडी कंपनीचा आणि विम्याचा नंबर कागदावर लिहिलेला बरा. गाडी हलवण्याआधी फोटो घ्या. गाडी टो करून नेण्याआधी कंपनीला लेखी कळवा, मेसेज चालतो. जागेवर ‘सगळा खर्च मी देईन’ असं लिहून देऊ नका. दुरुस्तीचे पैसे मागितले तर गॅरेजचं बिल, सर्व्हेअरचा अहवाल आणि विमा कंपनीने किती रक्कम दिली, हे तिन्ही कागद मागा. एकाच नुकसानीचे पैसे विमा कंपनीकडून आणि ग्राहकाकडून असे दोनदा घेतले जात नाहीत ना, हे त्यातूनच कळतं. डिपॉझिट अडवून ठेवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.