समाजमाध्यमें आणि विद्यार्थ्याचें मन

मोर्शीच्या संत्राबागा मागें टाकून अमरावतीच्या महाविद्यालयांत दाखल होणारा विद्यार्थी बुद्धीनें कमी नसतो. तरी समाजमाध्यमांवर तो फसतो. आणि फसल्यावर तें कोणास सांगत नाहीं. या न सांगण्यांतच खऱ्या अनर्थाचें मूळ आहे.

गांवांत तो ‘अमक्याचा मुलगा’ असतो. वसतिगृहांत ही ओळख गळून पडते आणि नवी अद्यापि मिळालेली नसते. ती पोकळी हातांतला मोबाइल भरून काढतो. पौगंडावस्थेंतील मुलास सारें जग आपल्याकडेच पाहत आहे असें वाटतें. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६७ सालीं या भासास ‘काल्पनिक प्रेक्षकवर्ग’ असें नांव दिलें. महाविद्यालयांत पाऊल टाकतांच हा भास विरून जातो असें नाहीं. पूर्वीं हा प्रेक्षक मनांतच बसून असे. २००९ सालीं फेसबुकनें ‘लाइक’ची कळ आणली आणि त्याची चक्क शिरगणती होऊं लागली! शिवाय केव्हां किती पसंती मिळेल याचा नेम नाहीं. आणि बक्षीस अनिश्चित असलें म्हणजे सवय अधिक चिवट होते, हें स्किनरच्या कबुतरांवरील प्रयोगांनीं केव्हांच दाखविलें आहे.

अशा मनास अनोळखी तरुणीच्या नांवानें मैत्रीचें आमंत्रण येतें. गोड संभाषण होतें, मग व्हिडिओ कॉल, त्याचें चोरून चित्रीकरण, आणि लागलीच धमकी: पैसे पाठव, नाहीं तर हें तुझ्या नातेवाइकांस दाखवितों. भामट्याजवळ शस्त्र एकच, तोच प्रेक्षकवर्ग! आतां त्यांत वडील, मामा, गांवचे शेजारी बसलेले दिसूं लागतात. विद्यार्थी पैसे देतो; पण मागणी वाढतच जाते, कारण देणारा भ्याला आहे हें पहिल्याच हप्त्यानें भामट्यास कळलेलें असतें. मुलीच्या बाबतींत तर धमकावणारा पुष्कळदां ओळखीचाच असतो, आणि दोष मात्र तिच्यावर येतो. ‘मोबाइल काढून घेईन, शिक्षण बंद करीन’ हें वडिलांचें रागाचें बोलणें नकळत भामट्याच्याच पथ्यावर पडतें.

अशी धमकी देऊन पैसे उकळणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. पैसे देऊं नयेत. संदेश पुसूं नयेत, कारण तोच पुरावा. १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आणि रात्रीं-अपरात्रीं जीव नकोसा वाटूं लागला, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनहि बोलतां येतें. तेथें पैसे पडत नाहींत.