सूर्यास्तापूर्वीची पणजी

दिवाळीचे वहीपूजन आटोपून दुकान पुन्हा नेहमीच्या गतीने सुरू झाले होते. एके दुपारी गिऱ्हाईक नसताना पुतण्या गल्ल्याशेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, मित्रांबरोबर चार दिवस गोव्याला जाऊन येऊ का?" तेवीस वर्षांचा, दुकानाची अर्धी जबाबदारी सांभाळणारा मुलगा, पण विचारताना त्याची नजर खाली होती. मी "सांगतो" एवढेच म्हणालो. संध्याकाळी घरी ही गोष्ट निघाली तेव्हा आई ताट वाढता वाढता म्हणाली, "तिकडे लोक कशासाठी जातात ते मला ठाऊक आहे." तेवढ्यावर विषय मिटला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. नाही म्हटले असते तर मुलगा ऐकणारा होता. पण आज ना उद्या तो खरेदीसाठी मुंबई, सुरत, बंगळूर करणार. प्रत्येक गावी आम्ही कोठे असणार? शेवटी मी सुचवले, "आपण सगळेच जाऊ." आईसह आम्ही सहा जण. आईचा अनेक वर्षांचा रात्रीभोजनत्याग, तिचे कंदमूळवर्ज्य जेवण आणि तिची नापसंती, हे सारे बरोबर घेऊन जानेवारीच्या मध्यावर आम्ही कारंजाहून अकोला गाठले, तेथून कल्याण, आणि पुढे कोकण रेल्वेने करमळी. पणजीला सर्वांत जवळचे स्थानक हेच. त्या चार दिवसांत जे पाहिले आणि ज्या चुका केल्या, ते आपल्या वाचक कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली गोष्ट मुक्कामाची. गोवा म्हटले की बहुतेक लोक बागा-कळंगुट किनाऱ्यावर खोली घेतात आणि मग तेथील गोंगाटालाच गोवा समजतात. आम्ही मुद्दाम राजधानी पणजीत राहिलो. कॅसिनोची जहाजे मांडवीच्या पात्रात उभी असतात आणि रात्री त्यांचे दिवे व संगीत धक्क्याजवळच्या भागात जाणवते. म्हणून खोली धक्क्यापासून दूर, गावाच्या आतल्या बाजूस घ्यावी. सहलीचे दिवस ठरविताना २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ टाळावा. तेव्हा गर्दी आणि भाडे दोन्ही कळसाला असतात.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते संपूर्ण सहलीची गुरुकिल्ली तीच आहे. जानेवारीच्या मध्यावर पणजीत सूर्य सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो. म्हणजे आपल्या वाशीम-कारंजापेक्षा मावळतीला सुमारे वीस मिनिटे अधिक मिळतात. चौविहार करणाऱ्याला ही वीस मिनिटे किती मोलाची, हे सांगायला नको. ज्या गोव्याची आपल्याला धास्ती वाटते तो गोवा सूर्यास्तानंतर जागा होतो आणि पहाटे झोपी जातो. आपला दिवस नेमका त्याच्या उलट असतो. आपल्या वाट्याला येते ती सकाळची पणजी, आणि ती फार सुंदर आहे.

असे पणजीचेच आहे असे नाही. युरोपातील ॲम्स्टरडॅमची ख्यातीही रात्रीच्या गल्ल्यांची. पण त्याच शहराच्या सतराव्या शतकातील कालव्यांच्या वलयाला युनेस्कोने २०१० मध्ये जागतिक वारशाचा मान दिला. पणजी तर साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांच्या अमलाखाली असलेल्या प्रदेशाची राजधानी. १८४३ मध्ये ती अधिकृतपणे राजधानी झाली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. युरोपीय शहराचा चेहरा पाहायचा तर आपल्याला पारपत्राची गरज नाही, आणि येथे मराठी सर्वत्र समजते. चहाच्या टपरीवरसुद्धा सकाळी मराठी दैनिक मिळते.

सकाळी सातला, नवकारशीची वेळ होण्यापूर्वी, आम्ही फोंताइन्हास या जुन्या वस्तीत पायी हिंडत असू. आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका झऱ्यावरून या वस्तीचे नाव पडले. अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती, लाकडी सज्जे, कौलारू छपरे. त्या वेळी रस्ता झाडणारे, सायकलवर पाव विकणारा पोदेर आणि आपण, एवढेच असतो. एक पथ्य मात्र पाळावे. ही नाटकातील सजावट नाही, लोकांची राहती घरे आहेत. कोणाच्या ओट्यावर बसून किंवा दार अडवून छायाचित्रे काढू नयेत. आपल्या वाड्याच्या ओट्यावर परक्याने असे केले तर आपल्याला काय वाटेल, हा विचार पुरेसा आहे.

तेथून जवळच चर्च चौकातील नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांची वास्तू आहे. १५४१ मध्ये येथे लहान प्रार्थनागृह होते, १६१९ मध्ये ते मोठे बांधले गेले. नदीकाठी आदिलशहाचा जुना राजवाडा आहे आणि त्याच्याजवळ आबे फारियाचा पुतळा. १७५६ मध्ये कांदोळी येथे जन्मलेला हा गोमंतकीय पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झाला. पाटो भागातील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. कारंजाच्या हस्तलिखित भांडारांच्या सावलीत वाढलेल्या माझ्या आईला चर्चपेक्षा हे ग्रंथालयच अधिक आवडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रायबंदरला गेलो. पणजी व रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांधपूल १६३३-३४ मधला आहे आणि त्यावरून आजही वाहने धावतात. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरले की धक्क्यालगतच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. खारफुटीच्या जंगलातून जाणारी पायवाट, चिखलात सरपटणारे मासे, खंड्या, बगळे. लहान मुलांना आवाज न करण्याची सवय असेल तर येथे दोन तास कसे जातात कळत नाही. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. ओहोटीला पक्षी अधिक दिसतात.

तिसरा दिवस जुने गोवे आणि फोंडा तालुक्याचा. बॉम जेझूस बॅसिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली. तिचा जांभा दगड आज गिलाव्याविना उघडा दिसतो. येथील चर्च व मठांना १९८६ पासून जागतिक वारशाचे स्थान आहे. आत जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत आणि आवाज हळू असावा. आपल्या तीर्थांवर येणाऱ्यांकडून आपण जी अपेक्षा करतो तीच. पुढे मंगेशी, नागेशी, महालक्ष्मी ही देवळे. सोळाव्या शतकात धर्मछळाच्या भीतीने तिसवाडी-साष्टीतील अनेक देवता खाडीपलीकडे फोंड्यात हलविल्या गेल्या. मंगेशाची मूर्ती १५६० मध्ये कुशस्थळीहून आणली गेली.

नागेशीजवळच, बांदिवडे गावात, नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत. ही जागा फार थोड्या सहलींच्या यादीत असते. जांभ्या दगडाच्या पडक्या भिंती, वर उघडे आकाश, भोवती झाडी. कदंब व विजयनगरच्या काळात गोव्यात जैन समाज नांदत होता आणि गोपकपट्टणसारख्या बंदरांतून व्यापार चालत होता, याची साक्ष अशा बस्त्यांतून मिळते. डिचोली तालुक्यात कुडणे येथेही असेच अवशेष आहेत. शिरपूरला वर्षातून दोनदा जाणारी आई त्या भिंतीपाशी हात जोडून बराच वेळ उभी होती. परत गाडीत बसताना ती पुतण्याला म्हणाली, "हेही गोव्यातच होते, मला कोणी सांगितले नव्हते."

आता जेवणाचे. आमची पहिली चूक येथेच झाली. एका उपाहारगृहात फलकावर 'जैन थाळी' पाहून आम्ही निश्चिंत बसलो आणि भाजीत बटाटा निघाला. तेथील आचाऱ्याच्या समजुतीने जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, एवढेच. तेव्हापासून आम्ही 'जैन' हा शब्द वापरणे सोडले आणि पदार्थ नावानिशी सांगू लागलो: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळे, सुरण, ओले आले नको. गोव्याचे खतखते चवदार असते, पण त्यात कंद असतात. सोलकढीत बहुधा लसूण असतो. मुगागाठी, आलसांद्याची उसळ, ताकभात हे सांगितल्याप्रमाणे करून मिळतात. मासळी शिजणाऱ्या स्वयंपाकघरात न जेवणाऱ्यांनी शुद्ध शाकाहारी खानावळच शोधावी. पणजीत त्या आहेत. रात्रीच्या जेवणाची वेळ सकाळीच सांगून ठेवावी, कारण अनेक ठिकाणी सायंकाळी सात वाजेपर्यंत चूल पेटत नाही. आम्ही दुपारीच पोळ्या व भाजी बांधून घेत असू आणि पावणेसहाला मिरामारच्या झाडांखाली बसून जेवत असू. मांडवी समुद्राला मिळते तेथे, मावळतीकडे तोंड करून घेतलेले ते जेवण मुलांना अजून आठवते.

व्यापारी माणसाला बाजार पाहिल्याशिवाय गाव पाहिल्यासारखे वाटत नाही. त्यासाठी शुक्रवार राखून ठेवावा आणि म्हापशाच्या आठवडे बाजारात सकाळी लवकर जावे. सोलां, माडाचा गूळ, मयड्याची केळी, खोल्याची मिरची, मातीची भांडी, आणि प्रतवारीप्रमाणे काजू. आमचा पुतण्या तेथे दोन तास रमला. तुकडा, अर्धा आणि अख्खा काजू यांच्या दरातील फरक त्याने वहीत टिपून घेतला. मासळीचा आणि मांसाचा भाग वेगळा आहे. त्या बाजूस न वळता सारा बाजार पाहता येतो.

शेवटच्या रात्री, आई निजल्यावर, पुतण्या म्हणाला, "काका, ती जहाजे एकदा जवळून पाहायची आहेत." मी म्हणालो, "चल." नदीकाठच्या पदपथावरून आम्ही दोघे चालत गेलो. पाण्यावर दिव्यांचा लखलखाट, धक्क्यावर रांग, हातात पत्रके घेऊन बोलावणारी मुले. मी काही बोललो नाही. जवळ उभ्या असलेल्या एका स्थानिक गृहस्थाशी पुतण्याने बोलणे काढले. त्यांनी सांगितले की २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास शासनाची मनाई आहे. परवानगी फक्त बाहेरच्यांना. पुतण्या थोडा वेळ दिव्यांकडे पाहत राहिला. परत फिरताना म्हणाला, "काका, ज्या दुकानाचा मालक स्वतःच्या घरच्यांना तो माल घेऊ देत नाही, त्या दुकानात आपण कशाला जायचे?"

त्या एका वाक्याने सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. तरुण मुलांचे प्रश्न एका सहलीत सुटत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात तो मित्रांबरोबर पुन्हा गोव्याला जाणार आहे. या वेळी त्याने नजर वर ठेवून विचारले, आणि आईने स्वतःच त्याला सांगितले, "बांदिवड्याला त्यांनाही घेऊन जा, आणि जेवण सूर्य असताना उरक."