भाकरी थोडी कमी, चटणी थोडी जास्त



हल्ली गटाच्या बैठकीत बचत आणि हप्ते गोळा झाले, की एक विषय हमखास निघतो. कोणाची सून म्हणते, मोबाईलवर सांगतात, भात-भाकरी सोडा आणि तूप खा. कोणाचा मुलगा पुण्याहून येतो आणि सांगतो, आमच्या ऑफिसात सगळ्यांनी चपाती बंद केलीय, डब्यात बदाम आणतात. त्यावर एखाद्या सासूबाई विचारतात, "भाकरी सोडली तर रानात खुरपायचं कशाच्या जिवावर?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. आपल्याला ताकद तीन गोष्टींतून मिळते. पहिली पिष्ट, म्हणजे भात, भाकरी, चपाती, पोहे, साबुदाणा, बटाटा. साखर आणि गूळही त्यातच धरा. दुसरी प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, दूध, मासे, मटण. तिसरी स्निग्ध, म्हणजे तेल, तूप, शेंगदाणे, तीळ, खोबरं. एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनांतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धातून ९. पिष्ट पोटात गेलं की त्याची साखर होऊन रक्तात उतरते. स्निग्ध सावकाश पचतं, रक्तातली साखर लगेच वाढवत नाही, आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. म्हणून हे लोक सांगतात, पिष्ट मध्यम ठेवा, स्निग्ध वाढवा, आणि जे खाल ते मूळ रूपातलं खा, कारखान्याच्या पुडीतलं नको. ही शेवटची अट बहुतेकजण विसरतात आणि नुसतं तूप तेवढं लक्षात ठेवतात.

आता आपलं ताट बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना दिल्या. दिवसभराच्या ताकदीपैकी ४५ टक्क्यांपर्यंतच धान्यातून यावी असं त्यात म्हटलंय. प्रत्यक्षात आपल्या देशात ती ५० ते ७० टक्के धान्यातूनच येते. बाईच्या ताटात तर त्याहून जास्त येत असणार, कारण ती शेवटी जेवायला बसते. तोवर आमटीतली डाळ संपून पाणी उरलेलं असतं. अंडं मुलांना गेलेलं असतं, दूध म्हाताऱ्यांना. मग दोन भाकरी, ठेचा आणि कांदा. पोट भरतं, पण सगळं पिष्टानंच. त्यात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीनं सांगितलंय, की भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही. आपल्या गटांतही गोळ्या घेणाऱ्या बायका आहेतच.

म्हणजे भाकरी सोडायची का? नाही. ज्वारी-बाजरी हे मूळ रूपातलंच धान्य आहे. फक्त एक हिशेब लक्षात ठेवा: जेवढं काढायचं, तेवढं दुसरं घालायचं. आपल्या बेताच्या भाकरीला ७०-७५ ग्रॅम पीठ लागतं. त्यात ५० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. अर्धी भाकरी कमी केली, तर साधारण १३० कॅलरी कमी होतात. तेवढ्याच कॅलरी एक मूठ, म्हणजे २५ ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांतून मिळतात, आणि वर सहा ग्रॅम प्रथिनं. राबणाऱ्या बाईनं नुसती भाकरी कमी केली तर चक्कर येईल. भाकरी तेवढीच ठेवून वर शेंगदाणे आणि तूप चढवलं, तर वजन वाढेल. अदलाबदल केली तरच फायदा.

आणि यासाठी बदाम-अक्रोड लागत नाहीत. आपला गट जवसाची, कारळाची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी करतो. प्रदर्शनात शहरातल्या बायका ती हौसेनं घेतात, कारण त्यांना डॉक्टरांनी जवस खायला सांगितलेलं असतं. आणि ती कुटणाऱ्या आपल्या ताटात? चिमूटभर! जवसात ओमेगा-३ नावाचं चांगलं स्निग्ध भरपूर असतं, तिळात कॅल्शियम असतं. घरच्यासाठी चटणी करताना तिखट आणि मीठ निम्म्यावर आणा, म्हणजे एका जेवणाला दोन चमचे सहज खाता येईल. थोडी थोडीच कुटा, जवस कुटून ठेवला की लवकर खवट होतो. आणि बुरशी आलेला, काळपट पडलेला शेंगदाणा निवडून फेकूनच द्या. त्यातलं विष भाजूनही पुरतं जात नाही.

तूप आणि खोबरं वाईट नाही, पण चमच्यानं मोजून खावं, वाटीनं नाही. पालेभाजीला चमचाभर तेलाची फोडणी हवीच. भाजीतलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध लागतं. मात्र डालडा, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी, पुडीतलं फरसाण हे या हिशेबात धरू नका.

रोजच्या चार जागा सांगते. एक, चहा. चार कपांत दोन-दोन चमचे म्हटलं तरी दिवसाला ४० ग्रॅम साखर होते. ती हळूहळू निम्मी करा, आणि खारी-बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे घ्या. दोन, न्याहारी. नुसत्या पोह्यांपेक्षा मोडाची मटकी, बेसनाचं धिरडं किंवा अंडं बरं. तीन, उपवास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळं पिष्टच. त्याऐवजी थोडी भगर आणि वाटीभर दाण्याची आमटी घ्या, सोबत ताक. चार, रात्रीचं जेवण. भाताचा डोंगर आणि वरणाचं तळं असतं, ते उलटं करा: भात थोडा, घट्ट वरण किंवा पिठलं जास्त.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कोणाचं ऐकून एकदम भात-भाकरी बंद करू नका. औषध तेवढंच राहिलं आणि पिष्ट कमी झालं, तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, बाई शुद्ध हरपून पडू शकते. असं वाटलं तर लगेच साखर-पाणी द्या. शुद्ध गेली असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या. गोळ्या स्वतःच्या मनानं कमी करू नका, जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. गरोदर बाई आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनीही आधी विचारूनच बदल करावा.

शेवटी मुद्दा उरतो वाढण्याचा. ताटात काय यावं हे कितीही ठरवलं, तरी पातेल्यात उरलंच नाही तर काय खाणार? म्हणून आमटी उतरली की घट्ट वाटी आधी स्वतःसाठी बाजूला काढा. जमेल तिथे सगळ्यांनी एकत्रच बसा. गटात एक ठराव करा: काढणीच्या वेळी शेंगा आणि जवस स्वस्त असतात, तेव्हा विक्रीच्या मालाबरोबर प्रत्येकीच्या घरचेही दोन-दोन किलो घ्यायचे. विकायची चटणी डब्यात भरायच्या आधी घरची बरणी भरायची.

पुढच्या बैठकीत मी कर्जाचा हप्ता तर विचारेनच, पण बरणी भरली का, तेही विचारणार आहे. येते, नमस्कार.