फिरिश्ता : इतिहासकाराआड राहिलेला हकीम

विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळला, तेव्हा उतार पडत नाही म्हणून त्यानं हकिमांचाच जीव घ्यायला सुरुवात केली. कुणाची गर्दन मारली, कुणाला हत्तीच्या पायी दिलं. उरलेसुरले हकीम मुलूख सोडून पळाले. ही हकिकत लिहून ठेवली महंमद कासिम फिरिश्त्यानं, तीही त्याच शहाच्या नातवाच्या पदरी राहून. आणि फिरिश्ता स्वतःही हकीम होता.

आमच्या वैराग-बार्शी भागाचा इतिहास चाळणाऱ्याला हे नाव वारंवार भेटतं. १५२४ साली सोलापुरात बुऱ्हाण निजामशहाचं आदिलशाही राजकन्येशी लग्न लागलं, सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे आंदण द्यायचं ठरलं, ते मिळाले नाहीत आणि दोन्ही तख्तं पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिली, हे आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः फिरिश्त्यामुळे. पण त्याच्या वैद्यकाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्याचा जन्म कॅस्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा. वडील गुलाम अली हिंदूशाह त्याला लहानपणीच अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, घेऊन आले. मुर्तजा निजामशहाचा मुलगा मीरान हुसेन याला फारसी शिकवण्याचं काम वडिलांकडे होतं, त्यामुळे राजपुत्र आणि फिरिश्ता एकाच गुरूचे विद्यार्थी. पुढे फिरिश्ता मुर्तजाच्या पहाऱ्यावरचा सरदार झाला. १५८८ मध्ये मीरान हुसेननं बापाला हमामखान्यात कोंडलं, दारं-खिडक्या बंद केल्या, खाली आग पेटवली आणि गुदमरवून मारलं. या बंडात फिरिश्त्याचा जीव वाचला तो मीराननं सहाध्यायी म्हणून ओळखल्यामुळे. वर्षाच्या आत मीरानचाही खून झाला. शिया पंथाच्या फिरिश्त्याला तिथे थारा उरला नाही आणि १५८९ मध्ये तो विजापूरला आला.

तिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं त्याच्याकडून हिंदुस्थानचा इतिहास लिहून घेतला. 'तारीख-ए-फिरिश्ता' म्हणून तो जगभर गेला. जॉन ब्रिग्जचं इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये निघालं. या कीर्तीखाली त्याचा दुसरा ग्रंथ झाकला गेला : 'दस्तूर-उल-अतिब्बा', फारसीत लिहिलेला हिंदुस्थानी वैद्यकाचा ग्रंथ.

त्याचं मोल कळायला तेव्हाच्या हकिमाची अडचण समजून घ्यावी लागते. यूनानी वैद्यकाचा पाया चार रसांचा : खून, बलगम, सफ्रा, सौदा. प्रत्येक द्रव्य उष्ण की थंड, कोरडं की ओलं आणि किती पायरीपर्यंत, हे ग्रंथात लिहिलेलं. पण ते ग्रंथ लिहिले गेले इराण-अरबस्तानात. दख्खनच्या उन्हात, जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाच्या प्रकृतीला ती मापं जशीच्या तशी कशी लागू पडणार? ग्रंथातली कितीतरी द्रव्यं इथे मिळत नव्हती, आणि इथल्या रानात जे उगवत होतं त्यातल्या बऱ्याचशाचा त्या ग्रंथांत पत्ता नव्हता.

फिरिश्त्यानं हे ओळखलं. इराणी-अरबी वैद्यक शिकून झाल्यावर तो इथल्या वैद्यकाकडे वळला. वाग्भट, चरक, सुश्रुत यांच्या परंपरेतलं ज्ञान त्यानं फारसीत आणलं. ग्रंथाच्या आरंभी शरीराची आणि दोषांची ओळख आहे, पुढे एकेरी औषधं, मग मिश्रणं, मग रोगवार उपचार. म्हणजे ज्याला संस्कृतचा गंध नाही अशा हकिमालाही रोग्यासमोर बसून वापरता यावा, असाच त्याचा बेत आहे.

हे काम करणारा तो पहिला नव्हता. सिकंदर लोदीच्या काळात, १५१२ मध्ये, मियाँ भुवाचा असाच मोठा फारसी ग्रंथ तयार झाला होता. दख्खनच्या औषधींवर बाहेरच्यांची नजरही आधीच पडली होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तरीही फिरिश्त्याची गोष्ट मला वेगळी वाटते. ओर्तानं औषधींची माहिती युरोपपर्यंत पोचवली. फिरिश्त्यानं ती इथल्याच हकिमांच्या हाती दिली, इथल्याच आजाऱ्यांसाठी. आपलं शास्त्र पूर्ण आहे असं न मानता दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या भाषेच्या ग्रंथांपुढे विद्यार्थी होऊन बसणं आजच्या संशोधकालाही सोपं जात नाही. त्यानं ते दरबारी कट आणि लढाया यांच्या धामधुमीत केलं.

आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयानं फारसी जाणणारा अभ्यासक सोबत घ्यावा आणि निदान त्या ग्रंथातला एकेरी औषधांचा भाग हाती घ्यावा. त्यातली कोणती झाडंझुडपं अजून बालाघाटच्या उतारांवर आणि आमच्या माळांवर उगवतात, हे सांगायला इथले जाणते वैद्य अजून आहेत.