विश्लेषण : दगडापासून दंडारीपर्यंत… चंद्रपूर-गडचिरोलीत संशोधन उदंड, पण प्रश्न कोणाचे?

गडचिरोलीतील विद्यापीठाचे नाव गोंडवाना. जगभरातील भूगर्भशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एका प्राचीन महाखंडाचे नावही गोंडवानाच. ही दोन्ही नावे ज्या गोंड समाजाकडून आली, तो समाज संशोधनाचा ‘विषय’ म्हणून पावणेदोनशे वर्षे कागदावर आहे. या दोन जंगली जिल्ह्यांत जीवाश्म, शिलालेख, बोली, नाटक, बालमृत्यू, बांबू, वाघ अशा नाना विषयांवर अभ्यास झाले. त्यांतले काही कोलकाता-लंडनला गेले आणि तिथेच राहिले, तर काहींमुळे देशाचे धोरण बदलले. हा फरक कशामुळे पडला?

‘गोंडवाना’ हे नाव कुठून कुठे गेले?

गोंड राजांचा मुलूख म्हणून मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्याला गोंडवाना म्हणत. चंद्रपूर म्हणजे तेव्हाचे चांदा ही त्यातल्या एका राज्याची राजधानी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील हेन्री मेडलिकॉट यांनी १८७०च्या दशकात इथल्या कोळसायुक्त खडकांच्या थरांना हे नाव दिले. पुढे ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये भारत, आफ्रिका आदी दक्षिणेकडील भूभाग एकेकाळी जोडलेले होते असे मांडताना त्या महाखंडालाच ‘गोंडवानालँड’ म्हटले. माणसांचे नाव खडकाला मिळाले, खडकाचे खंडाला. २०११ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून नवे विद्यापीठ झाले, तेव्हा ते नाव फिरून आपल्या मुलखात आले.

सुरुवातीच्या संशोधकांत कोण होते?

ठळक नाव स्टीफन हिस्लॉप यांचे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे स्कॉटिश मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून त्यांनी नागपूर प्रांतातील खडक आणि जीवाश्म गोळा केले, त्यावर लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. हाच माणूस गोंडांच्या वस्त्यांवर बसून शब्द, चालीरीती आणि लिंगोचे गीतही उतरवून घेत होता. आज कोणत्याही विद्यापीठात या दोन कामांसाठी दोन विद्याशाखा, दोन मार्गदर्शक आणि दोन वेगळे अर्ज लागतील. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप एका नाल्याच्या पुरात वाहून गेले. त्यांच्या टिपणांचा ग्रंथ रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी ते गीत गाऊन दाखवले, त्यांना आपले शब्द छापले गेले आहेत हे कळण्याचा मार्ग त्या काळी नव्हता.

सिरोंचाकडचा डायनासोर कोलकात्यात का आहे?

सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्या गावावरून ‘कोटा फॉर्मेशन’ हे ज्युरासिक काळातील थरांचे नाव पडले. प्राणहिता-गोदावरीच्या या खोऱ्यात, आता तेलंगणात असलेल्या पोचमपल्ली परिसरात १९५८ ते १९६१ या काळात एका अजस्र शाकाहारी डायनासोरची हाडे निघाली. ती शोधली भारतीय सांख्यिकी संस्थेने. संख्याशास्त्राची संस्था हाडे कशाला खणते, हा प्रश्न कोणालाही पडेल. तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना विज्ञानाच्या शाखा एकमेकींपासून तोडलेल्या आवडत नसत. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून संस्थेत भूगर्भशास्त्राचा विभागच उभा केला.

मांडीचे एक हाड माणसाच्या उंचीएवढे भरले. ‘बडो पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि ते वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे. म्हणून १९७५ मध्ये त्याचे शास्त्रीय नाव ‘बारापासॉरस टागोराय’ असे ठेवले गेले. उभा केलेला सांगाडा आजही कोलकात्याच्या संस्थेत आहे. विज्ञानाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. हाडे जपायला प्रयोगशाळा लागते. पण सिरोंचाच्या शाळकरी मुलाला आपल्या नदीकाठचा प्राणी पाहायचा तर हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. त्यातल्या त्यात दिलासा वडधमचा. सिरोंचा तालुक्यातील या जीवाश्म उद्यानात दगड झालेली झाडाची खोडे जिथे सापडली तिथेच राखली आहेत.

इतिहास आणि भाषेच्या अभ्यासकांना इथे काय मिळाले?

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे छोटे गाव आहे. तिथे सापडलेल्या एका शिळेवर दोन वेगवेगळ्या काळांतील लेख आहेत. वाकाटकांच्या अभ्यासात हयात घालवलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते वाचून त्यांचा अर्थ लावला. एक लेख वाकाटक राजा रुद्रसेन पहिला याचा. त्याहून जुना, अशोककालीन लेख प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारा आहे. ज्या जिल्ह्यात आज ताडोबा आहे, त्याच जिल्ह्यात बावीसशे वर्षांपूर्वी वन्यजीवांना अभय देणारी आज्ञा कोरली गेली होती. शिळा आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

भाषा आणि नाटकाचा अभ्यास मात्र बराचसा इथल्याच माणसांनी उभा केला. झाडीबोलीला ‘अशुद्ध मराठी’ म्हणून हिणवले जात असताना साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ती स्वतंत्र बोली म्हणून मांडली, तिचे शब्द गोळा केले, दंडारीवर लिहिले, झाडीबोलीची साहित्य संमेलने भरवली. झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र देसाईगंज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले वडसा. धान घरात आले, दिवाळी सरली की नाटक कंपन्यांची कार्यालये उघडतात आणि रात्रभर चालणारे प्रयोग पुढे होळीपर्यंत रंगतात. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. संशोधकाला इथे नाट्यशास्त्र जितके सापडते, तितकेच अर्थशास्त्रही. सरकारी अनुदानाची वाट न पाहता तिकिटावर चालणारी ही रंगभूमी मुंबई-पुण्याच्या नाट्यअभ्यासात फार काळ तळटीपेपुरतीच होती.

‘सर्च’चे संशोधन वेगळे का ठरले?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांतल्या जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी अशी तपासणी झाली होती. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच सरकारी दफ्तरात होते. स्त्रिया हे दुखणे कोणाला सांगत नव्हत्या, आणि कोणी विचारतही नव्हते.

पुढचा प्रश्न मुलांचा. विदर्भात खेडोपाडी लहान मुलाला धाप लागली की ‘डब्बा’ झाला म्हणतात. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागते, आणि गावातल्या सुईणींना फार पुढचे आकडे येत नव्हते. त्यासाठी मण्यांचे एक साधन तयार झाले. वाळूचे घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. हे वैद्यकशास्त्र की समाजशास्त्र, असा वाद घालणाऱ्याने घालावा. १९९० मध्ये या पद्धतीने बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये त्यापुढचे पाऊल आले : ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली, तिचे मूळ या प्रयोगात आहे.

शोधग्रामच्या दवाखान्याला ‘माँ दंतेश्वरी’ हे आदिवासींच्या देवीचे नाव आहे आणि त्याची रचना पाड्यासारखी आहे. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक झाडे आणि आदिवासी बाया यांच्या नात्याविषयीचे. ग्रंथपालाने ते वनस्पतीशास्त्राच्या कपाटात ठेवावे की स्त्रीअभ्यासाच्या?

संशोधनातून धोरण ठरतेच का?

नाही. दारूचे उदाहरण बोलके आहे. दारूमुळे होणाऱ्या नुकसानीची गावोगावची माहिती आणि स्त्रियांचे आंदोलन यांच्या जोरावर गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि ती टिकली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. ती उठवतानाही अवैध विक्री, गुन्हे, महसूल यांचा हिशेब मांडणाऱ्या समितीच्या अहवालाचा आधार घेतला गेला. आकडे दोन्ही बाजूंकडे होते. कोणते नुकसान मोजायचे हे आधी ठरते आणि आकडे मागून येतात.

मेंढा-लेखात अभ्यास कोण करते?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे ते राज्यभर पोहोचले. पण त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते. इथे निर्णय घेणारी ग्रामसभा आणि नुसता विचार करणारे अभ्यास गट वेगळे आहेत. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने वन, कायदा, मध काढण्याची पद्धत यांवर हे गट बसत. बाहेरचा तज्ज्ञ आला तर त्यालाही गटात बसून बोलावे लागे. निर्णय सर्वसहमतीने. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू हे झाड की गवत, हा वनस्पतीशास्त्रातला प्रश्न तेव्हा गावाच्या उत्पन्नाचा प्रश्न झाला होता : झाड मानले तर वनखात्याचे, गौण वनोपज मानले तर गावाचे.

वाघांच्या अभ्यासात काय सुटते?

ताडोबा-अंधारी आणि ब्रह्मपुरी वनविभागात भारतीय वन्यजीव संस्था आणि वनविभाग यांनी कॅमेरे लावून, वाघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून बरेच काम केले आहे. वाघ रात्री कुठून कुठे जातो हे आता कळते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला बाया पहाटे जंगलात का जातात, उशिरा गेल्यास काय गमावतात, दर कोण ठरवतो, याचा हिशेब त्या नकाशावर नसतो. हल्ले मात्र या दोन हालचाली जिथे एकमेकींना छेदतात तिथे होतात. प्राणिशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या विभागांनी एकत्र बसावे असा विषय शोधायचा तर याहून तातडीचा दुसरा नाही.

गावाने दिलेल्या माहितीची मालकी कोणाची?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावागावांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या अपेक्षित आहेत. गावाच्या जैवसंपत्तीचा व्यापारी वापर झाला तर लाभात वाटा, हे त्यामागचे तत्त्व. २०२३च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला सवलत दिली. गडचिरोलीच्या पुजाऱ्याचे औषधज्ञान ग्रंथात नाही, तोंडी आहे. एखाद्या विद्यार्थ्याने ते प्रबंधात लिहिले की ते सर्वांना खुले होते. माडिया गोंड हा विशेष असुरक्षित आदिवासी गट गणला जातो आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत अशा समूहांवरील संशोधनासाठी जादा काळजी सांगितली आहे. पण त्या सूचना जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनाच्या. लोकगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला संमतीचा कागद कोण मागतो?

विद्यापीठाकडून काय अपेक्षा?

पीएचडीचे प्रबंध आता ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर चढतात. ते इंग्रजीत किंवा प्रमाण मराठीत असतात. २०११च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत आणि धानोरा तालुक्यातीलच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतः सुरू केली. शिकवायला पुस्तके हवीत, त्यासाठी शब्द आणि व्याकरण हवे, आणि प्रदेशागणिक बदलणाऱ्या गोंडीतून कोणते रूप घ्यायचे हेही ठरायला हवे. भाषाशास्त्राच्या दोन-तीन प्रबंधांना पुरेल एवढा हा प्रश्न आहे. तो या वेळी गावाने विचारला आहे.