ॲप्ट : डेबियनचा विश्वासू कोठीवाला

लिनक्सवर नवा प्रोग्रॅम सुरू करावा आणि अमुक लायब्ररी सापडत नाही असे सांगून त्याने थांबावे, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या अनेकांना येतो. आजचे बहुतेक सॉफ्टवेअर एकट्याच्या बळावर चालत नाही. फाइल लहान करायला झेडलिब लागते, सुरक्षित जोडणीला ओपनएसएसएल, चित्रांना लिबपीएनजी. लिबपीएनजीला पुन्हा झेडलिब हवीच. ही साखळी हाताने जुळवणे जिकिरीचे असते. डेबियन आणि त्यावर उभ्या असलेल्या उबुंटूत हे काम ॲप्ट करते.

इयन मर्डॉक यांनी १९९३च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. तिथले डीपीकेजी हे साधन पॅकेज उघडून फायली जागच्या जागी ठेवते. पण गरजेचे दुसरे पॅकेज नसेल, तर ते फक्त तक्रार करते, शोधायला जात नाही. शोधून आणणारे ॲप्ट १९९९मध्ये डेबियन २.१सोबत आले.

‘ॲप्ट अपडेट’ म्हटले की सर्व्हरवरच्या भांडारांतल्या पॅकेजांच्या ताज्या याद्या उतरतात. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ म्हटले की ॲप्ट मागितलेल्या पॅकेजच्या गरजा वाचते, मग त्या गरजांच्या गरजा. कोणती आवृत्ती चालेल, कोणाचे कोणाशी जमत नाही, हे पाहून ते यादी ठरवते. पर्याय आणि विरोध वाढले की हे गणित फार अवघड होते. संगणकशास्त्रात ते एनपी-कम्प्लीट ठरले आहे. मग फायली उतरतात, त्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, सही केलेल्या यादीशी ताडले जातात आणि शेवटी त्या फायली डीपीकेजीच्या हाती सोपवल्या जातात. केवळ दुसऱ्यासाठी आलेल्या पॅकेजांची नोंदही ॲप्ट ठेवते. त्यांचे काम संपल्यावर ‘ऑटोरिमूव्ह’ने ती काढता येतात.

हे सारे चालते ते माणसांनी लिहिलेल्या नोंदींवर. प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा असतो, बहुधा स्वयंसेवक. आपल्या पॅकेजला काय हवे, कोणत्या आवृत्तीपासून पुढचे हवे, हे तो लिहून ठेवतो. ती ओळ चुकली तर उत्तम गणितही चुकीचेच उत्तर देईल. ॲप्टची खरी ताकद मला या चिकाटीच्या, फारसे नाव न होणाऱ्या कामात दिसते.

स्वतः सोर्समधून प्रोग्रॅम बांधणाऱ्याला एक गोष्ट माहीत हवी. लायब्ररी असूनही ‘झेडलिब डॉट एच’ सापडत नाही असे येते, कारण बांधणीला लागणाऱ्या हेडर फायली नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेल्या वेगळ्या पॅकेजात असतात. हरवलेली फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते ‘ॲप्ट-फाइल’ सांगते. भांडारातल्याच प्रोग्रॅमसाठी ‘बिल्ड-डेप’ सगळी सामग्री एकदम आणते. अर्धवट राहिलेली स्थापना ‘फिक्स-ब्रोकन’ने बहुधा सावरते.

या व्यवस्थेचा लाभ आपल्यापर्यंतही पोचला आहे. सी-डॅकची बॉस लिनक्स ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. मराठी अक्षरांसाठी लोहित देवनागरी फॉन्टही डेबियनच्या भांडारातून एका आज्ञेने मिळतो.

म्हणून काही कमी पडले, तर अनोळखी संकेतस्थळावरची फाइल उचलून प्रणालीत टाकू नका. आधी याद्या ताज्या करा, भांडारात शोधा आणि तिथेच मिळत असेल तर तेच घ्या. त्यामागे कुणाची तरी सही आणि जबाबदारी असते.